दाजींच्या अहवालातली चार वाक्यं

शोकसभेत सगळ्यांत जास्त रडले ते आपल्या स्काउट समितीचे अध्यक्ष. इथे सिंगापुरात, तोआ पायोहच्या त्या छोट्या हॉलमध्ये उभं राहून, खिशातला घडीचा रुमाल डोळ्यांना लावत ते म्हणाले, "सुधीर म्हणजे माझा धाकटा भाऊ. शिस्त शिकावी ती त्याच्याकडून." ताई माझ्या शेजारी मान खाली घालून बसली होती. मी त्या रुमालाकडे बघत राहिले आणि तिथल्या तिथे ठरवलं, की ह्या माणसाला असं सुखासुखी रडू द्यायचं नाही. दाजींना जाऊन आज पाच आठवडे झाले. आता तरी राग सोड, असं मला दोघातिघांनी सांगून पाहिलं. सोडणार नाही.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. आठवडाभर नोव्हेनाच्या एका इस्पितळात एक्स-रे काढायचे आणि शनिवारी दुपारी एका क्लबच्या रेंजवर आपल्या मराठी मुलांच्या स्काउट पथकाला एअर रायफल शिकवायचे. शिकवायचे म्हणजे काय, तर पहिले तीन शनिवार रायफल हातातच द्यायचे नाहीत. मुलांना मिटलेली छत्री घेऊन फिरवायचे, आणि छत्रीचं टोक कुणाकडे वळलं की त्या दिवसापुरता बाहेरचा बाक. घरीही तेच. मी टीव्हीचा रिमोट त्यांच्याकडे रोखला की म्हणायचे, "मेहुणीबाई, नळी खाली." मी त्यांची थट्टा करायचे, ते हसायचे, पण रिमोट खाली जाईपर्यंत नजर हलवायचे नाहीत. मुलं लक्ष्यांचे कागद बदलायला पुढे गेली, की सगळ्या रायफली उघड्या आणि रिकाम्या करून चटईवर ठेवायच्या, कुणी हात लावायचा नाही, आणि शेवटचं मूल परत येईपर्यंत त्यांनी स्वतः नेमबाजीच्या रेषेवर उभं राहायचं, हा त्यांचा नेम. दहा वर्षांत तो एकदाच मोडला... आणि तोही आपल्या लोकांच्या हौसेपायी.

आपल्याला सत्कार केल्याशिवाय करमत नाही. दाजींची दहा वर्षं पूर्ण झाली म्हणून समितीने पालकांना रेंजवरच बोलावलं. शाल आणि नारळ लिटिल इंडियातून मीच आणले होते, हे लपवत नाही. अध्यक्षांना पुढे दुसरीकडे जायचं होतं. तीन मुलं कागद बदलायला गेलेली. दाजी म्हणाले, "दोन मिनिटं थांबा, मुलं येऊ देत." अध्यक्षांनी त्यांचा दंड धरला. "अहो, दोन मिनिटांचाच तर कार्यक्रम आहे." चाळीस पालक बघत होते, दाजींना संकोच वाटला आणि ते चार पावलं बाजूला आले. खांद्यावर शाल, हातात नारळ... पालकांपैकी एकजण नवा डिजिटल कॅमेरा घेऊन सरसावला. फोटो रेंजवरचा वाटायला हवा म्हणून अध्यक्षांनी चटईवरची रायफल उचलली. कॉलेजात एनसीसीत होतो, असं सांगत डबीतला छर्रा भरला, रायफल बंद केली, खांद्याला लावली आणि कॅमेऱ्याकडे बघून हसले. नळीसमोर तीन मुलांच्या पाठी होत्या.

नारळ पडल्याचा आवाज मला आधी ऐकू आला. दाजींनी नळी जमिनीकडे दाबली, रायफल काढून घेतली आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "सर, तुम्ही रेंजच्या बाहेर जा." सगळ्यांसमोर. ते अध्यक्षांना आजवर पचलेलं नाही.

त्याच संध्याकाळी दाजींनी अहवाल लिहिला. चार वाक्यं. पहिलं त्यांच्या स्वतःच्या चुकीचं. मी चिडले. म्हटलं, हे कशाला लिहिता? "घडलं त्या क्रमाने लिहायचं असतं," एवढंच म्हणाले. समितीने त्यातलं पहिलं वाक्य तेवढं उचललं. प्रशिक्षकाने जागा सोडल्याचं स्वतःच मान्य केलं आहे, सबब त्यांना मुक्त करण्यात येत आहे. बाकीची तीन वाक्यं कुठल्याच इतिवृत्तात आली नाहीत. पुढची चार वर्षं शनिवारी दोन वाजले की दाजी कॅनव्हासचे बूट घालायचे, थोडा वेळ बसायचे आणि काढून ठेवायचे. गेले ते हृदयविकाराने, असं कागदावर आहे. मला ते पटत नाही. डॉक्टर मला हसतील, हसोत.

गेल्या आठवड्यात अध्यक्षांचा फोन आला. सुरक्षित नेमबाजीसाठी दरवर्षी एक फिरती ढाल द्यायची, तिला दाजींचं नाव. "ताईंची परवानगी हवी होती, आणि एक चांगला फोटो. शालीतला असेल तर उत्तम." मी फोन स्पीकरवर ठेवला होता. माझी भाची ईरा तिथेच होती. फोन ठेवल्यावर ती तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "सो थिक-स्किन, लाह." म्हणजे, काय निगरगट्ट माणूस!

मी हा लेख लिहायला बसले आणि त्यात दाजींचा अहवाल उतरवला, पहिलं वाक्य सोडून. ताईने कागद वाचला. "ह्यांचं पहिलं वाक्य कुठे गेलं?"

"मुद्दाम गाळलं. त्याचाच तर फास केला त्यांनी."

"मग फास कशाचा केला, ते लोकांना कळणार कसं? घाल परत."

पाच आठवड्यांत ती पहिल्यांदाच इतकं सलग बोलली. तेव्हा हा घ्या पुरा अहवाल, दाजींनी लिहिला तसा.

'मुले लक्ष्यांचे कागद बदलत असताना मी माझ्या सत्कारासाठी रेषा सोडली. त्या वेळात अध्यक्षांनी रायफल उचलली, छर्रा भरला आणि फोटोसाठी ती मुलांच्या दिशेने रोखली. मी रायफल घेऊन उघडली तेव्हा छर्रा आत होता. मुलांना इजा झाली नाही, यात आमचा कोणाचाही पराक्रम नाही.'

अध्यक्षसाहेब, ताईची परवानगी आहे. ढालीवरच्या पितळी पट्टीवर आधी ही चारही वाक्यं कोरून घ्या. जागा कमी पडली, तर नाव गाळा.