दोन दऱ्यांतल्या समुद्रकाकड्या

बाईंना बोट लागते. समुद्राच्या अभ्यासात उभा जन्म घालवलेल्या बाईबद्दल आधी हेच सांगावं का, असं कुणी म्हणेल. पण त्या स्वतःच प्रत्येक भाषणाची सुरुवात याच वाक्याने करतात, मग आपण कशाला भीड धरायची? बंदर नजरेआड होण्याआधीच त्यांचा चेहरा पांढराफटक पडायचा. एका हातात उलटीची बादली आणि दुसऱ्या हातात चिमटा, अशा थाटात त्यांनी समुद्र पालथे घातले. खलाशी हसायचे, मग गपचूप लिंबू आणून द्यायचे.

बाईंचा जीव जडला तो समुद्रकाकडीवर. सूर्याचा किरण कधी पोचलाच नाही अशा तळावर हा मऊ, लिबलिबीत प्राणी सावकाश सरपटत असतो. डोळे नाहीत, डोकं नाही. पुढून गाळ खायचा आणि मागून गाळ टाकायचा, एवढाच संसार. बाईंच्या थोरल्या भावाचं चपलांचं दुकान होतं. त्याने हे वर्णन मन लावून ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे गांडूळच की गं! त्यासाठी एवढी शिकलीस?" बाईंनी त्याला तासभर समजावलं. शेवटी तो म्हणाला, "बरं, खारं गांडूळ."

पण या खाऱ्या गांडुळाने बाईंचं नाव केलं. समुद्राच्या पोटात दोन खोल दऱ्या आहेत आणि त्यांच्यामध्ये पाण्याखालचीच डोंगररांग आहे. दोन्हीकडच्या समुद्रकाकड्या दिसायला अगदी सारख्या, कुणाला वेगळ्या ओळखू येणार नाहीत. बाईंनी त्यांची जनुकं अक्षर-अक्षर लावून वाचली आणि ठामपणे सांगितलं, की या एक नव्हेत, दोन जाती आहेत. डोंगर मध्ये आला आणि लाखो वर्षांपूर्वी त्यांची ताटातूट झाली. पुढच्या कितीतरी जणांनी आपापले शोध या पायावर उभे केले.

त्या पायात एक वीट मात्र हलती होती. पहिल्या दरीतलं काम आटोपलं आणि वादळ उठलं. प्राणी ज्यात बुडवून ठेवायचे त्या स्पिरिटचं पिंप कलंडलं आणि सगळं स्पिरिट डेकवरून वाहून गेलं. दुसऱ्या दरीतले प्राणी वर आले तेव्हा हाताशी फक्त फॉर्मॅलिन हे प्राणी टिकवायचं दुसरं रसायन होतं. नुसते ठेवले असते तर संध्याकाळपर्यंत त्यांचं पाणी झालं असतं. बाईंनी ते फॉर्मॅलिनमध्ये टाकले आणि तसं शोधनिबंधात स्पष्ट लिहिलंही. तेव्हा कुणाच्या भुवया उंचावल्या नाहीत.

उंचावल्या त्या पुढे, बाईंच्या सगळ्यात लाडक्या विद्यार्थिनीच्या. तिला ऊठसूट शंका यायच्या म्हणून बाईंनीच तिचं नाव शंकासुर ठेवलं होतं. भरल्या सभागृहात ती उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, फॉर्मॅलिनमुळे जनुकांची अक्षरं बिघडतात, हे आता कळलंय. मग आपल्याला दिसलेला फरक प्राण्यांमधला आहे की फॉर्मॅलिनने केलेला?"

बाईंनी काहीतरी थातुरमातुर उत्तर दिलं. घरी येऊन कपबशा अशा आपटल्या, की गणित शिकवणारे यजमान पेपर तपासायचे थांबले.

"तिचं काही चुकलं का?" त्यांनी विचारलं.

"नाही ना! तेच तर!" बाई ओरडल्या आणि रडायला लागल्या.

दोघींचं भांडण झालं असतं तर बरं झालं असतं, निदान मिटलं तरी असतं. नुसता अबोला धरला गेला. शंकासुर दुसऱ्या संस्थेत गेली आणि बाईंच्या मनात तो प्रश्न सलत राहिला. दुसरी दरी कुठल्याच जहाजाच्या वाटेवर नव्हती आणि ताजे प्राणी मिळाल्याशिवाय उत्तर नव्हतं. कुणी कौतुक केलं की बाईंना चोरट्यासारखं वाटायचं. आपण आयुष्यभर एक नवी जात शोधली की फॉर्मॅलिनचे डाग वाचत बसलो, हे कळल्याशिवायच निवृत्त व्हावं लागणार, असं त्यांनी धरून चालायला सुरुवात केली.

आणि एक दिवस शंकासुरच प्रयोगशाळेच्या दारात उभी राहिली. केसांत पांढरं डोकावत होतं, हातात बर्फाची पेटी होती. आता ती स्वतः मोहिमेची प्रमुख होती आणि तिने जहाज मुद्दाम वाकडी वाट करून त्या दरीवर नेलं होतं. "दोन्ही दऱ्यांतल्या आणल्यात," ती म्हणाली. "सगळ्या स्पिरिटमध्ये. नळ्यांवर फक्त आकडे आहेत. कुठली कुठची, ते मला ठाऊक आहे, तुम्हाला सांगणार नाही. वाचायच्या तुम्ही."

"अजून विश्वास नाही वाटतं माझ्यावर?"

"तुम्हीच शिकवलंय, बाई. मन आधीच उत्तर ठरवतं म्हणून."

बाईंनी हातमोजे चढवले आणि त्या कामाला लागल्या. कातडीचे कण कापायलाही मदतीला त्यांनी कुणाला बोलावलं नाही. पुढचं काम यंत्राचं होतं. यंत्र आपल्या चालीने चाललं आणि बाईंना तोवर ना धड जेवण गेलं ना धड झोप लागली.

शेवटी पडद्यावर वंशवृक्ष उमटला. दोघी पुढे-मागे उभ्या होत्या. बुंध्यातून दोन फांद्या फुटल्या होत्या आणि प्रत्येकीवर नळ्यांच्या आकड्यांचा एकेक घोळका होता. फांद्या मात्र बाईंनी पूर्वी काढल्या होत्या त्यांच्यापेक्षा लांबीने निम्म्या होत्या. आकड्यांवरून त्यांना काहीच कळेना. एकाच फांदीवर दोन्ही दऱ्यांची सरमिसळ झालेली असेल तर सगळं संपलं. त्या मागे वळल्या, तर शंकासुरच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

बाईंनी खुर्ची ओढली आणि त्या बसल्या. "चुकले ना मी? सांगून टाक."

शंकासुरने नाक पुसलं आणि पडद्यावर बोट ठेवलं. "ही फांदी सगळी अलीकडच्या दरीतली. ही सगळी पलीकडची. एकही इकडची तिकडे नाही. दोन आहेत, बाई! दोनच आहेत! फांद्या आखूड, म्हणजे ताटातूट तुम्ही म्हणाला होतात त्याच्या बरीच नंतर झाली. तेवढा फरक फॉर्मॅलिनने फुगवला होता."

"मग तू का रडतेस, बये?"

"मला वाटत होतं, माझ्या एका प्रश्नाने तुमचं सगळं आयुष्य पुसलं जाणार."

बाईंनी तिला जवळ ओढलं. हातमोजे काढायचंही भान नव्हतं. "सुटले गं बाई एकदाची!" त्या म्हणाल्या आणि त्यांनाही हुंदका आला.

"बरोबर निघालात म्हणून?"

"छे! काय ते कळलं म्हणून." बाईंनी डोळे पुसले आणि पुन्हा एकदा त्या दोन फांद्यांकडे बघितलं. "आणि बरोबर निघाले म्हणूनही. खोटं कशाला बोलू?"