माझ्या गुडघ्याचे चार मार्क

आमच्या बदलापूरच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही आणि आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. हे आधीच सांगून ठेवते, कारण उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन मी त्या जिन्यासाठीच करून घेतलं. मुलगा म्हणाला होता, "आई, गुडघा नीट वाकला नाही ना, तर तुला अंबरनाथला मावशीकडे तळमजल्यावर राहावं लागेल." मावशी म्हणजे माझी धाकटी बहीण. प्रेमळ आहे हो, पण दिवसभर टीव्ही मोठ्याने लावते आणि मला चहात साखर घालू देत नाही. तेव्हा गुडघा वाकणं भागच होतं.

ऑपरेशन उल्हासनगरला झालं. पाठीत इंजेक्शन दिलेलं, त्यामुळे पहिले काही तास पाय माझा नव्हताच. तो परत माझा झाला आणि मी छताकडे बघत ओठ चावायला लागले, तेव्हा सिस्टर आली. बारीक चणीची, अंबरनाथकडची पोर, पण आवाज मुख्याध्यापिकेचा. तिने भिंतीवरचा तक्ता दाखवला. सहा गोल चेहरे. पहिला हसरा, शेवटचा ढसाढसा रडणारा, खाली शून्यापासून दहापर्यंत आकडे.

"आजी, किती दुखतंय? आकडा सांगा."

"दहा म्हणजे केवढं गं?"

"तुम्ही आयुष्यात सोसलेलं सगळ्यात मोठं दुखणं."

आता बघा. माझी तीन बाळंतपणं, त्यातलं मधलं दीड दिवस चाललं. दहा तिथेच संपले. मग अक्कलदाढ काढली होती, तिला आठ तरी द्यायला हवेत. एवढ्या मानकऱ्यांपुढे गुडघ्याला किती द्यायचे? त्याच्यावर तर सगळ्यांनी मिळून एवढा खर्च केलेला, त्याने जास्त मागणंही बरं दिसलं नसतं. मी म्हटलं, "चार." सिस्टरने चार लिहिले. चारवाल्यांना साधी गोळी मिळते, हे मला कुठे माहीत!

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठे डॉक्टर राउंडला आले. मागे तीन छोटे डॉक्टर. मोठ्यांनी खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, "कैसी हो अम्मा?" आता एवढा कामाचा माणूस थांबून विचारतोय, त्याच्यापुढे काय रडगाणं लावायचं? पाहुण्याला आपण कान तुटलेल्या कपात चहा देत नाही, तसंच हे. मी पदर सारखा केला, हसले आणि म्हणाले, "बरं आहे डॉक्टर. तुमची कृपा." डॉक्टर खूश. एका छोट्याने कागदावर काहीतरी लिहिलं आणि ऑपरेशनपासून गोळीच्या जोडीला चालू असलेलं दुखण्याचं इंजेक्शनही त्या दुपारपासून बंद झालं. डॉक्टरांचा मान राखल्याची पावती म्हणायची.

संध्याकाळी आमच्या विहारातल्या बायका भेटायला आल्या, शहाळी घेऊन. त्यांनी विचारलं, "फार दुखतं का हो?" मी म्हटलं, "विचारू नका बाई. अकरा!"

त्या गेल्यावर सून हसायला लागली. "आई, डॉक्टरांना बरं आहे, सिस्टरला चार आणि काकूंना अकरा? एकच काहीतरी ठरवा ना."

"अगं, त्या शहाळी घेऊन आल्या होत्या. त्यांना चारात कसं परत पाठवू?"

तिसऱ्या दिवशी मात्र हिशेब चुकला. व्यायाम करून घेणारा फिजिओ आला आणि म्हणाला, "आजी, वाकवा." मी वाकवायला गेले आणि डोळ्यांपुढे काजवे. गुडघा कोऱ्या कडक जीन्ससारखा ताठ. त्याने प्लॅस्टिकची पट्टी लावून मोजलं. "चाळीस डिग्री. नव्वद पाहिजे. असंच राहिलं तर जिना विसरा." मग फाइलमध्ये लिहिलं आणि गेला. सुनेने वाचून दाखवलं : पेशंट सहकार्य करत नाही.

मी! इथेच उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये बावीस वर्षं जीन्सच्या कारखान्यात उभ्याने चेकरचं काम केलेली बाई, आणि मी सहकार्य करत नाही! मला बहिणीच्या घरचा टीव्ही ऐकू यायला लागला. डोळ्यांतून पाणी आलं ते गुडघ्याचं की टीव्हीचं, देव जाणे.

सिस्टर आली, फाइल वाचली, मग माझ्याकडे बघितलं. ड्रेसिंग करताना मी तिला माझ्या नोकरीचं सगळं पुराण ऐकवलेलंच होतं.

"आजी, कारखान्यात शिलाई सुटलेली पॅन्ट आली की काय करायचात?"

"खडूने खूण करायची आणि अल्टरच्या ढिगात टाकायची. दुरुस्त होऊन परत यायची."

"शिलाई मारणाऱ्याला वाईट वाटेल म्हणून पास नाही करायचात?"

"छे! माझ्या हातून एक खराब पीस गेला नाही कधी."

"मग गुडघा का पास करताय सारखा? तुम्ही खूण केली नाहीत तर आम्ही दुरुस्त काय करणार?"

मी तिचं म्हणणं मान्य केलं. माझ्या बाबतीत ही घटना क्वचित घडते.

पुढच्या राउंडला मी पदर सारखा केला नाही. "कैसी हो अम्मा?" म्हटल्याबरोबर सांगितलं, "पडून असले की चार. वाकवलं की नऊ." आणि राहवेना म्हणून जोडलं, "पण तुमची काही चूक नाही हो." डॉक्टर छोट्यांकडे वळून जरा चढ्या आवाजात बोलले. व्यायामाच्या तासभर आधी औषध द्यायला सुरुवात झाली. त्या दिवशी गुडघा साठ वाकला, मग ऐंशी, आणि पुढे एकदाचा नव्वद. फिजिओ म्हणाला, "आजी, आता छान सहकार्य करताय." मी त्याला माफ केलं.

घरी सोडायच्या दिवशी एक कोटवाली मुलगी टॅबलेट घेऊन आली. पुन्हा चेहरे! फक्त आता हसरा चेहरा पाचवर. प्रश्न होता, वेदनांच्या उपचाराबद्दल तुम्ही समाधानी आहात का.

"पाच दाबा ना आजी. चार दाबलं तरी आम्हाला वरून विचारतात."

सून पाच बोटं दाखवत होती. मुलगा खाली रिक्षा थांबवून फोनवर फोन करत होता. सिस्टर दारात उभी होती, तिने काहीच दाखवलं नाही.

"अल्टर कुठे आहे?" मी विचारलं.

"काय?"

"पासही नाही, रिजेक्टही नाही. दुरुस्त करून घ्यायचा माल. तो चेहरा दाखव."

तसा चेहरा नव्हता. शेवटी सूचना लिहायची एक चौकट सापडली. मी सांगितलं, तिने टाइप केलं : "पेशंटला आधी हलवा, मग किती दुखतं ते विचारा. आणि हसून 'बरं आहे' म्हणणाऱ्या बाईवर विश्वास ठेवू नका." मग मी तीन दाबले. मुलीचं तोंड तक्त्यातल्या चौथ्या चेहऱ्यासारखं झालं. तिला म्हटलं, "तुझ्यावर नाही गं, तू गोड आहेस." मग त्याच चौकटीत सिस्टरचं नाव लिहून घेतलं, पुढे 'पास' असं.

घरी जिना चढले. फिजिओने शिकवल्याप्रमाणे चांगला पाय आधी, मग नवा. दुसऱ्या मजल्यावर शेजारीण दार उघडून उभी होती. "आलात? कसं वाटतंय?"

'बरं आहे' अगदी ओठांवर आलं होतं.

"सहा," मी म्हटलं. "खुर्ची आण."

तिने धावत खुर्ची आणली आणि मी टेकते न टेकते तोच तिचं पित्ताशयाचं ऑपरेशन सुरू केलं. मी विचारलं, "तुला किती दुखलं होतं गं?"

"मला?" ती पदर सारखा करत म्हणाली, "छे हो, काहीच नाही. बरं होतं."

मी मनातल्या मनात तिच्यावर खडूने खूण केली. मग कठडा धरून उठले. वरचा एकच मजला राहिला होता.