साडेसतरा किलोंची बॅग

थांबा, जेवण व्हायचंय, बॅग भरायचीय, उद्या पहाटे निघायचंय, पण हे आत्ता सांगितलं नाही तर राहूनच जाईल. माझ्यासमोर ओट्यावर एक जर्मनचं पातेलं आहे. झाकणासकट एक किलो एकशे चाळीस ग्रॅम. बुडाला दोन पोचे, एका कडेला शेजारी-शेजारी दोन काळे डाग, ते घासून जात नाहीत, मी तीनदा घासलंय. आणि ज्या मुलीने टूथब्रशची दांडी कापून नऊ ग्रॅम वाचवले होते ना, तीच मुलगी हे पातेलं बॅगेत सगळ्यात आधी ठेवणार आहे. म्हणजे मी.

पातेलं मामांचं. माझे सख्खे मामा नाहीत हां. चाकणला आमच्या कंपनीत पॅकिंग-डिस्पॅचला होते, सगळ्या कंपनीचे मामा.

मामांची ओळख म्हणजे त्यांचं बोट. ट्रेकला निघताना सगळ्या बॅगा गेटबाहेर ओळीत लागायच्या. मामा एकेका बॅगेच्या वरच्या लूपमध्ये तर्जनी अडकवायचे, डोळे मिटायचे, बॅग वीतभर उचलायचे आणि वजन सांगायचे.

"सात-चारशे." पुढची. "नऊ-सहाशे. दगडं भरली का रं?"

एकदा त्यांना खोटं पाडायचं म्हणून आम्ही सगळ्या बॅगा डिस्पॅचच्या काट्यावर ठेवल्या. शंभर ग्रॅमच्या वर फरक नाही! तीस वर्षं खोके उचललेलं बोट, राव.

आमचा नऊ जणांचा ग्रुप. चाकणला सुट्टी गुरुवारी, त्यामुळे रविवारची गर्दी आम्हाला माहीतच नाही. गुरुवारी गडावर आम्ही, माकडं आणि मामांचा चहा.

मी ट्रेनी म्हणून क्वालिटीला लागले आणि ग्रुपमध्ये शिरले, तेव्हा मला अल्ट्रालाइटचं, म्हणजे कमीत कमी वजन घेऊन चालायचं, वेड नुकतंच लागलं होतं. सगळे व्हिडिओ बघून झाले होते. पिशवीसारखी हलकी बॅग, मुठीत मावणारी रजई, स्टीलच्या बाटलीच्या जागी विकतच्या पाण्याच्या पातळ प्लास्टिकच्या बाटल्या. कपड्यांची लेबलंसुद्धा कापली होती. शेगडी नाही, कारण ओट्स गार पाण्यात भिजतात. पाण्यासकट पाच किलो दोनशे! आकुर्डीच्या घरात आई म्हणाली, "ट्रेकला चाललीस का भाजी आणायला?"

मामांनी माझी बॅग बोटाने उचलली आणि डोळेच उघडले. "इंजिनेर मॅडम, बॅग घरी इसरलात व्हय?"

त्यांची स्वतःची बॅग म्हणजे ट्रकची ताडपत्री. खरंच. काळेवाडीत रिक्षाचे हूड शिवणाऱ्याकडून शिवून घेतलेली, कडेला पितळी रिंगा. तिचं वजन सतरा किलो सहाशे. मी थेट विचारलं, "मामा, एवढं कशाला?"

"हलकं-जड नंतर बघू गं. माल पोचला पायजे."

हे त्यांचं वाक्य. पॅकिंगमधलं. पेटीला लाकूड जास्त लागलं, कुणी वजन वाढलं म्हणून ओरडलं, की मामा शांतपणे खिळा ठोकत म्हणायचे, माल पोचला पायजे. ट्रेकलाही तेच. कुणाला चप्पल लागली, कुणाचा पाय मुरगळला, कुणी उपाशी निघालं, बॅगेतून काहीतरी निघायचं आणि मागून वाक्य यायचं.

पहिल्याच ट्रेकला मी ऐटीत गार ओट्स खाल्ले. दोन घास. मग मामांच्या पातेल्यातलं पिठलं उकळायला लागलं आणि त्याचा वास आला... पुढचं कळलंच असेल. मेंटेनन्सचा सचिन, ग्रुपमधला सगळ्यात खवचट माणूस, म्हणाला, "अल्ट्रालाइट म्हणजे कळलं का भावांनो? आपला फक्त चमचा आणायचा!" सगळे हसले. मामांनी माझ्या डब्यात आणखी एक डाव ओतला. "खा गं पोरी. त्याचं नको ऐकू, त्याच्याकडं चमचा पण नसतो."

तर असं मस्त चाललं होतं. मग मला त्यांचा गुडघा दिसला.

क्वालिटीत असल्याचा हा एक त्रास आहे, एकदा डिफेक्ट दिसला की दिसतच राहतो. उतरताना मामा आडवे उतरायचे, खेकड्यासारखे. कंपनीत पॅलेटवर चढताना आधी डावा पाय, मग हाताने उजवा उचलून. मी एका दुपारी गाठलंच त्यांना.

"मामा, गुडघा दाखवलात का कुणाला?"

त्यांनी आधी आजूबाजूला बघितलं. "दाखिवला. डॉक्टर म्हनला, वजन उचलायचं न्हाई. मग मी इचारलंच न्हाई, ट्रेकचं काय म्हनून. इचारलं आसतं तर त्यानं सांगितलं आसतं."

मामांना रिटायर व्हायला तीन महिने होते. त्याआधी त्यांना एकदा तोरण्यावरून राजगडाला चालत जायचं होतं. दरवर्षी जायचे. दोन दिवस, धारेवरून, मध्ये पाणी नाही. ह्या वेळी जमलं नाही तर पुन्हा कधीच नाही, हे त्यांना कळत होतं, मला कळत होतं. "बाकीच्यांला सांगू नको," ते म्हणाले. "समदी मिळून घरीच बसवतील मला."

मी म्हणाले, "मामा, गुडघा नाही बदलता येणार. बॅग बदलू. माझ्यावर सोडा."

आणि मी अशी पेटले म्हणून सांगू! आमचं कामच ते, पार्टमधून ग्रॅम-ग्रॅम काढायचे आणि तरी तो तुटता कामा नये. जेवणाच्या सुट्टीत डिस्पॅचच्या काट्यावर मामांची बॅग रिकामी केली. एकेक वस्तू ठेवायची, वजन लिहायचं, आणि मी विचारायचं, "गेल्या वर्षात किती वेळा वापरलं?"

दोर. दोन किलो तीनशे. "येकदा." बाजूला.

घोंगडी. दोन-आठशे. "दोन वेळा. न्हाई, तीन. तुझ्या त्या ओल्या रजईच्या वेळंला धर की." पावसात माझी मुठीतली रजई भिजली होती खरी, पण ते वाक्य मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. बाजूला.

शेगडी आणि गॅसचा डबा. पातेलं. कांदे-बटाट्याची पिशवी. सहा काडेपेट्या, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या. औषधांचा पत्र्याचा डबा.

"पातेलं र्‍हाऊ दे ना," मामा हळूच म्हणाले.

"मामा, बाकीचे आठ जण आहोत, कुणीतरी आणेलच की. तुम्ही एकटे कशाला सगळ्यांचं?"

त्यांनी पातेल्यावरून एकदा हात फिरवला आणि ते खाली ठेवलं. बॅग, माझी जुनी, हलकी, भरून झाली सहा किलो दोनशे. मामांनी बोटाने उचलली, आणि लहान मुलासारखे हसले. "च्यायला! हवाच हाय की गं!"

एक दिवस रजा टाकून आम्ही बुधवारी सकाळी वेल्ह्यातून तोरण्याला लागलो. आणि काय चालले मामा! सगळ्यांच्या पुढे. मध्येच थांबून मागे बघायचे, आम्ही धापा टाकत असायचो, आणि ते शीळ घालत. सचिन म्हणाला, "मामा, काय खाऊन आलात?" मामांनी माझ्याकडे बघून डोळा मारला. त्या दोन-तीन तासांत मी जगातली सगळ्यात हुशार इंजिनियर होते.

दुपारी वर मेंगाईच्या देवळात पोचलो. बॅगा टाकल्या. मग नेहमीसारखं सुरू झालं.

"मामा, काडेपेटी द्या."

"मामा, पातेलं काढा, मी तांदूळ धुतो." हा सचिन. त्याच्या मांडीवर दीड किलो तांदूळ. कुणी डाळ काढली, कुणी चहा-साखर, कुणी मसाला. आणि सगळे हात पुढे करून बसले मामांच्या दिशेने. सवयीने. नऊ माणसं, नऊ बॅगा, आणि एकाही बॅगेत पातेलं नाही, शेगडी नाही, काडेपेटीसुद्धा नाही!

कारण कुणीच कधी आणलं नव्हतं. आणायची वेळच आली नव्हती. मी काट्यावर मामांची बॅग ठेवली होती, पण ती मामांची नव्हतीच. ती आमच्या नऊ जणांची होती. सचिनची बॅग हलकी, माझी पाच किलो दोनशे, ती मी ब्रश कापला म्हणून नाही. मामांची साडेसतरा होती म्हणून.

मामा खाली बघत बसले होते. पाहुणे जेवायला आले आणि घरात पीठ नाही, अशा माणसाचा चेहरा असतो ना, तसा. कुणी काही बोललं नव्हतं तरी म्हणाले, "चुकलं माझं."

मी उठले आणि सगळं सांगून टाकलं. गुडघा, डॉक्टर, काटा, यादी. "मामांचं नाही, माझं चुकलं. मी तुम्हाला सांगायला हवं होतं."

सचिन तांदळाकडे बघत होता. मग म्हणाला, "मामा, गुडघ्याचं आम्हाला का नाही बोललात? एवढे परके आहोत?" मग तांदळाची पिशवी बांधून माझ्याकडे वळला, "काढा मॅडम, ते गुरांचं खाणं काढा."

त्या दिवशी नऊ जणांनी माझे ओट्स खाल्ले. वर फरसाण, कच्चे शेंगदाणे. मामांनी घास बराच वेळ चघळला आणि म्हणाले, "लागतंय बरं. म्हशीला आवडंल."

दुसऱ्या दिवशी धारेवरून चालत राजगड. कुणी मामांना पाण्याची बाटलीही उचलू दिली नाही. संजीवनी माचीवर त्यांनी तटाला हात लावला, मोठा श्वास घेतला, आणि गुडघ्यावर एक थाप मारली. घोड्याला मारतात तशी. मी शेजारी जाऊन उभी राहिले. म्हटलं, पोचलात मामा.

"पोचलो गं. तुझ्यामुळं पोचलो." थोडं थांबून म्हणाले, "पर लय हलकं लागलं. काल समदी हात पसरून बसली आन् माज्याकडं द्यायला कायबी न्हाई. आसं कधी झालं न्हवतं."

रिटायर झाले त्या दिवशी त्यांनी आम्हा आठ जणांना डिस्पॅचला बोलावलं. काट्यावर ती ताडपत्रीची बॅग. त्यांनी ती शेवटची उघडली आणि मालाला लावतात तशी पट्टी प्रत्येक वस्तूला लावून एकेकाच्या हातात दिली. दोर सचिनला. शेगडी एकाला, घोंगडी एकाला, औषधांचा डबा एकाला, उरलेल्या तिघांनी आळीपाळीने हात द्यायचा. मला पातेलं. पट्टीवर त्यांचं वाकडं अक्षर: एक नग. जपून हाताळणे.

मी म्हटलं, "मामा, हे जड आहे हो."

"व्हय. मला पन लागायचं."

आता मामा गावाला असतात. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, रोज बांधावर चालतात, चढ मात्र बंद. गेटबाहेर बॅगा अजून ओळीत लागतात. मी एकदा लूपमध्ये बोट घालून डोळे मिटून बघितलं. काही कळलं नाही. नुसतं बोट दुखलं.

मागच्या गुरुवारी आम्ही विसापूरला होतो. वर एका कातळावर बसलो. सचिनने दोर काढून डावीकडे ठेवला. कुणी त्याच्याशेजारी शेगडी मांडली, कुणी घोंगडी पसरली, पत्र्याचा डबा तिच्या कोपऱ्यावर. मी शेगडीवर पातेलं ठेवलं. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं, पण मामा मांडायचे अगदी तसंच मांडलं गेलं होतं. त्यांची अख्खी बॅग तिथे होती. मधली, मांडी घालून बसायची जागा आम्ही नकळत मोकळी सोडली होती.

मी फोटो पाठवला. दोन मिनिटांत फोन.

"पोचलं का समदं?"

"पोचलं मामा."

"नग मोजलं?"

"पाच."

"आन् मानसं?"

"आठ."

पलीकडे त्यांचं पुटपुटत मोजणं, आणि वारा. बांधावरचा.

"बराबर हाय," मामा म्हणाले. "चहा उतू जाईल, बघ."

आणि खरंच उतू गेला! मामांचा तो काळा डाग, त्याच्या शेजारी आता माझा एक.

चला, पातेलं भरते. पण आधी सांगा ना, तुमच्याही बाबतीत झालंय का असं? आपली बॅग हलकी कशी काय, हे तुम्हाला कधी कळलं? आणि तेव्हा तुमचं पातेलं कोण उचलत होतं?