काचेतला जावई

माझ्या ताईला मुलगी नाही, मुलगाही नाही, पण जावई होता. बैठकीच्या खोलीत, जिथं पूर्वी टीव्ही असायचा तिथं, काचेच्या लांबलचक टाकीत तो राहायचा. ऑस्कर जातीचा मासा, सिक्लिडांच्या खानदानातला. अंग काळं आणि त्यावर निखाऱ्यासारखे ठिपके. दाजींनी आणला तेव्हा बोटाएवढा होता, मग वाढत वाढत पसरट थाळीएवढा झाला. 'जावई' हे नाव माझं. त्याचे नखरेच तसे होते. टाकी साफ केली की तळाशी आडवा पडून रुसायचा आणि कुणी मनधरणी केल्याशिवाय उठायचा नाही. खायला मिळेपर्यंत काचेला तोंड लावून नाचायचा, मिळालं की पाठ फिरवायचा.

"तुमच्यापेक्षा बरा आहे, मेहुणीबाई," दाजी म्हणायचे. "तो निदान खाऊन नावं ठेवत नाही."

"त्याला बोलता येत नाही म्हणून. नाहीतर पहिलं नाव तुम्हालाच ठेवलं असतं," मी म्हणायचे. समोरच्याच इमारतीत राहत असल्यामुळे माझी तिथं रोज हजेरी असायची आणि आमची जुगलबंदीही रोजची.

दाजी लिफ्टचे मेकॅनिक होते. उभा जन्म इमारतींच्या पोटात, दोरांना आणि चाकांना ग्रीस लावण्यात गेला. माणूस तसा अबोल. ताईचं लग्न ठरलं तेव्हा मला वाटलं होतं, हिनं मुका नवरा पसंत केलाय. पण माशांचा विषय निघायचा अवकाश, गडी सुरू व्हायचा तो थांबायचाच नाही. आसपासचे लोक आपापल्या घरच्या माशांची दुखणी घेऊन यायचे. कुणाचा गोल्डफिश वाकडा पोहतोय, कुणाच्या गप्पींच्या शेपट्या झडताहेत. येताना टाकीतलं पाणी बाटलीत भरून आणायचे. दाजी बाटली उजेडात धरायचे, नाकाशी न्यायचे, मग विचारायचे, "खायला किती वेळा घालता?" समोरच्यानं काहीही सांगितलं तरी त्यांचं उत्तर ठरलेलं. "निम्मं करा."

हेच त्यांचं सगळं शास्त्र. मासा मागतो म्हणून भुकेला असतो असं नाही. मागणं हे त्याचं काम आणि न देणं हे आपलं. उरलेले दाणे तळाशी कुजतात, जास्त खाल्लेलं घाण होऊन बाहेर पडतं, पाण्याचं विष होतं, आणि त्याला श्वास घ्यायचा असतो त्याच पाण्यात. जावयाला दाणे मिळायचे रोज सकाळी एकदाच, आणि आठवड्यातून एक दिवस तेही नाहीत. नळाचं पाणी पिंपात भरून ठेवायचं, त्यातलं औषध उडून गेलं की मगच टाकीत. दर रविवारी थोडं पाणी काढायचं, तितकंच घालायचं. फिल्टरचा स्पंज त्या काढलेल्या पाण्यातच खळबळायचा. एकदा मी मदतीच्या उत्साहात तो नळाखाली धरला तर दाजी ओरडले, "अहो, कामाचे जंतू धुऊन टाकाल! मग टाकीतली घाण कोण खाणार, तुम्ही?" एवढा मोठा आवाज मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला.

म्हणून टाकीतलं पाणी दुधाळ झालं तेव्हा घरात भूकंप झाल्यासारखं झालं. दाजींनी काचेच्या नळीत पाणी घेतलं, त्यात औषधाचे थेंब टाकले. चांगलं पाणी पिवळं राहतं, हे हिरवंगार झालं. अमोनिया. दाजी नळी हातात धरून खुर्चीत बसले आणि ताईला म्हणाले, "कुणीतरी याला जास्त खायला घालतंय."

घरात माणसं दोन. त्यांनी ताईकडे पाहिलं. ताईनं घातलेलं नव्हतं, म्हणून तिनं माझ्याकडे पाहिलं.

"तुला मेलीला दया फार," ती म्हणाली. "तो तोंड वासतो आणि तू पाघळतेस."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दया आणि मी! मी त्याला उगाच एक दाणाही कधी घातला नव्हता, त्याच्याशी माझं तेवढं सख्यही नव्हतं. वाट्टेल ते बोलून मी तणतणत घरी गेले आणि फोन आला तरी उचलला नाही. शेवटी ताईच आली. जिना चढून दम लागला होता, तरी बसली नाही.

"ते स्वतःच घालताहेत गं," ती म्हणाली.

तिनं पाहिलं होतं. सकाळी दाजींनी नेहमीप्रमाणे दाणे घातले, हात धुतले, पेपर घेऊन बसले. पानं चाळून झाल्यावर उठले आणि म्हणाले, "अरेच्चा, जावयाला आज काही दिलंच नाही." जावई तर टपलेलाच. आधी तिला वाटलं थट्टा करताहेत. मग जेवणाआधी पुन्हा. मग चहा झाल्यावर पुन्हा, तेच शब्द, तोच हात.

डॉक्टरांनी तपासण्या केल्या. मेंदूचं दुखणं आहे, हळूहळू वाढत जाईल, असं त्यांनी सांगितलं. घरी परतताना दाजी रिक्षात अगदी खुशीत होते. रस्त्यातल्या प्रत्येक उंच इमारतीची लिफ्ट कोणत्या बनावटीची आहे ते आम्हाला सांगत होते आणि एकाही ठिकाणी चुकत नव्हते.

ताईनं दाण्यांचा डबा लपवला. दाजींनी स्वयंपाकघरातून पाव आणून घातला. पाव लपवला तर बिस्किटं. रागावून काय उपयोग? त्यांच्या हिशेबी तो मासा सकाळपासून उपाशी होता आणि घरातल्या बायका दगडाच्या काळजाच्या होत्या. पेच साधा होता आणि त्याला उत्तर नव्हतं. मासा घरात ठेवला तर दाजींच्याच हातून मरणार. दुसऱ्याला दिला तर दाजी सकाळी कशासाठी उठणार? कारण बाकी सगळं सुटत चाललं होतं. शर्टाची बटणं, शेजाऱ्यांची नावं, घरचा जिना. टाकीसमोर उभे राहिले की मात्र ते पूर्वीचे दाजी असायचे.

ताईनं दोन्ही धरून ठेवायचं ठरवलं. रविवारचं पाणी बदलणं एक दिवसाआडचं झालं. पिंपं वाढली, बाल्कनीत पाय ठेवायला जागा राहिली नाही. बादल्या उचलून माझी कंबर धरली. मी जावयाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत पाणी वाहायचे, आणि दाजी शेजारी उभे राहून ताईला शिकवायचे. "नळी अशी तळाशी फिरव. खड्यांमधली घाण ओढ. सगळं पाणी काढायचं नाही हं, त्याला नवं घर नको असतं." किती नीट सांगायचे! हातांना सगळं येत होतं. फक्त ते आज केलं की नाही, एवढंच कळत नव्हतं.

पण आम्ही दोघी पुऱ्या पडेनात. जावयाच्या डोक्यावर बारीक खळगे पडले, मग ते मोठे झाले. ठिपके विझले. तो तळाशी पडून कल्ले भराभर हलवायचा, आणि आता ते रुसणं नव्हतं. दाजी ते दर वेळी पहिल्यांदाच बघायचे आणि दर वेळी तेवढेच हादरायचे. नळीत थेंब टाकायचे, हिरवा रंग बघायचे आणि ताईकडे वळायचे.

"अगं, कितीदा सांगितलं तुला? जास्त घालू नकोस म्हणून! मारशील तू त्याला."

"चुकलं माझं," ताई म्हणायची. "उद्यापासून नाही घालणार."

हे रोज. कधी दिवसातून अनेकदा. बाटली घेऊन आलेल्या शेजाऱ्यांदेखतसुद्धा. ज्या बाईनं संसारात कधी नवऱ्याचा एक वाकडा शब्द ऐकून घेतला नव्हता ती मान खाली घालून 'चुकलं' म्हणायची. माझा संताप संताप व्हायचा. मी स्वयंपाकघरात तिला म्हटलं, "सांग ना त्यांना खरं काय ते!"

"सांगितलं की तेवढ्यापुरतं त्यांना कळतं गं," ताई म्हणाली. "एकदा सांगितलं होतं मी. त्यांचा चेहरा बघितला आणि ठरवलं, पुन्हा नाही. त्यापेक्षा दाणे मीच घातले असं समजू देत."

शेवटी एके सकाळी जावई वर आलाच नाही. दाणे त्याच्या अंगावरून खाली गेले तरी त्यानं तोंड उघडलं नाही. ताईनं दुपारी त्या ॲक्वेरियमवाल्याला फोन केला, ज्याच्याकडून तो आणला होता. त्याच्याकडे मोठी टाकी मोकळी होती. दाजींना काय सांगायचं तेही दोघांनी ठरवून टाकलं. उपचाराला नेतोय, बरा झाला की आणून देतो.

तो झाकणाची बादली घेऊन आला. सोबत जाळी होती. दाजींनी ती बाजूला सारली. "जाळीत त्याचे खवले जातील." त्यांनी बाह्या वर केल्या, बादलीत टाकीतलंच पाणी घेतलं, ती तिरकी करून जावयाच्या मागून नेली आणि धक्का न लावता त्याला आत घेतलं. झाकण लावलं, वर टॉवेल टाकला. "अंधारात शांत राहतो," म्हणाले. त्या हातांकडे बघून कुणाला खरं वाटलं नसतं की या माणसाला काही झालंय.

बादली दारापर्यंत दाजींनीच नेली. मग ॲक्वेरियमवाल्याचा हात धरून म्हणाले, "परत आणू नका."

"अहो, बरा झाला की..."

"नको." दाजींनी ताईकडे पाहिलं नाही. हळू आवाजात म्हणाले, "ही जास्त घालत नाही. हिचा हात मला ठाऊक आहे, दाणा मोजून घालणारी बाई आहे ही. ती बिचारी स्वतःवर घेते. घरात माणसं दोनच. मला आठवत काही नाही, पण पाण्यावरून कळतं ना मला."

ॲक्वेरियमवाला बादली घेऊन जिना उतरला. ताई भिंतीला टेकून उभी होती.

संध्याकाळी दाजी टाकीसमोर आले. फिल्टर चालू होता, पाणी फिरत होतं.

"मासा कुठं गेला?"

ताई काहीतरी रचून सांगेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "तुम्हीच दिलात. मोठ्या टाकीत."

"मी दिला?" दाजींनी वाकून काचेतून आत पाहिलं. "मी दिला असेल तर विचार करूनच दिला असेल. त्याचं काहीतरी बिनसलं असणार."

"हो."

"मग बरं केलं."

ते खुर्चीत जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं, त्याच्या दुसऱ्या दिवशीही. आजही विचारतात. मला मेहुणीबाई म्हणणं आता बंद झालंय, मी कोण ते त्यांना सांगावं लागतं. पण टाकीसमोर थांबून हे विचारणं चुकत नाही, आणि ताईचं उत्तर ऐकून 'मी दिला असेल तर विचार करूनच' हेही चुकत नाही.

मी स्वयंपाकघरात ताईला म्हटलं, काढून टाक ती टाकी, रोज उठून छळ कशाला?

"राहू दे," ती म्हणाली. "दिवसभर काही ना काही खोटंच सांगत असते गं मी त्यांना. एवढं एकच उत्तर खरं देता येतं." आणि पदर तोंडावर धरून, बाहेर त्यांना ऐकू जाऊ नये अशा बेतानं, ढसाढसा रडली.