टेंपो कुठं उभा करायचा

नेरळचा खाटीक आधी सायकलवरून गावोगाव फिरायचा. ज्याचं बकरं, त्याच्याच दारात कापून वाटे घालून द्यायचा. मग एका उन्हाळ्यात त्याने जुना टेंपो घेतला. आत पत्रा ठोकला, टांगायला आकडे लावले, पाण्याचं पिंप ठेवलं. आता आम्हा शेळ्या पाळणाऱ्यांना बकरं कर्जतच्या बाजारात न्यायला नको.

गावकऱ्यांनी टेंपोची जागा परस्पर ठरवली : आमची वस्ती, माझं अंगण. निरोप खाटकानेच आणला. "वहिनी, उद्या सकाळी येतो. घाण तुमची मानसं पुरतील, असं म्हनत व्हते."

सासऱ्यांनी ताट सरकवलं. बौद्ध झाल्यावर गावची मेलेली ढोरं ओढायचं आमच्या माणसांनी सोडलं, तेव्हा सगळ्यांत पुढे तेच होते.

"पुना आपल्याच दारात गं?" म्हणाले. ओटीवर बसले, उठले, पुन्हा बसले. मलाही काही सुचेना. टेंपो तर मला हवा होता. भाकरी थापताना दोनदा हात पोळला.

सकाळी मी वस्तीची वाट फुटते तिथं रस्त्यावर जाऊन उभी राहिले. टेंपो दिसताच हात आडवा केला. "हितंच थांबवा."

आपलं बकरं घेऊन आलेला म्हातारा शेतकरी चिडला. "अगं, वस्तीत ठरलं हाय ना?"

"तुमी ठरवलंत. आमाला कुनी इचारलं नाय."

"मग आतडीबितडी कोन पुरनार?"

 तेवढ्यात मागून सासरे आले, हातात कुदळ. ती त्यांनी म्हाताऱ्यासमोर धरली. "ज्याचं बकरं, त्याचा खड्डा. सुनेचं कापाल तवा मी खनीन."

 इंजिन धडधडतच होतं. शेवटी खाटीकच वैतागला. "ऊन चढतंय, बाबा. मटन थांबनार नाय."

म्हाताऱ्याने कुदळ ओढून घेतली आणि रस्त्याकडेला खणायला लागला. खड्डा उथळ झाला, तेव्हा सासऱ्यांनी आणखी खोल करायला लावला.

पुढच्या खेपेला माझा बोकड होता. सासऱ्यांनी शब्द पाळला, खड्डा स्वतः खणला. वाटे मात्र निम्मेच गेले. गावातली बरीच माणसं बोकड कुणाचा ते बघून परत फिरली. उरलेलं मटण खाटकाने खालापूरला नेऊन विकलं. टेंपो रस्त्यावरच थांबत राहिला. तरी त्याचा हॉर्न ऐकला की मी हातातलं काम टाकून आधी बाहेर धावायची, आज तो कुठं वळतोय ते बघायला.