आईची मान

हुपरीत आमच्या घरी आई पैंजणांच्या कड्या जोडायची. जन्मभर खाली वाकून काम केल्यावर मान दुखणारच. रात्री बाम चोळायचा आणि सकाळी परत कड्या घेऊन बसायचं. नव्वदच्या दशकात कोल्हापूरच्या स्टँडबाहेर एका मोटारीनं तिला उडवलं आणि मान कायमची आखडली. भरपाईचा दावा लावला. मग कित्येक वर्षं आम्ही मायलेकी एस.टी.नं कोर्टात जायचो आणि पुढची तारीख घेऊन परत यायचो. मला त्या कोर्टाच्या जिन्याचासुद्धा राग यायला लागला होता.

शेवटी एकदाची आईची साक्ष निघाली. विमा कंपनीच्या वकिलानं गोड आवाजात विचारलं, "मावशी, मान आधीपासून दुखायची ना?"

खोटं बोलायचं तिला सुचलंसुद्धा नाही. "व्हय की, दुखायची. पण वळायची."

"विचारलंय तेवढंच सांगा," वकील म्हणाला. दुखायची, एवढंच टाईप झालं.

"माझं काय चुकलं व्हय गं?" मागं बसलेल्या मला आईनं विचारलं. माझ्याकडं बघायला ती पिंजऱ्यात पायांसकट अख्खी वळली. वकील तेव्हा फाईल बांधत होता.