एक जागा, सहा उमेदवार आणि कोल्हापूर

पुढच्या महिन्यात माझी संशोधन प्रकल्पावरची फेलोशिप संपतेय. त्यामुळे पेपरात कोल्हापूरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात लेक्चररची कायम जागा दिसली, तेव्हा फार विचार न करता अर्ज केला. बोलावणं आल्यावर आदल्या दिवशी सकाळी सोलापूरहून एसटी पकडली. सांगोल्यापर्यंत रस्त्याने हाडं खिळखिळी केली, मिरजेनंतर दोन्हीकडे ऊस लागला. कोल्हापुरात स्टँडजवळचा दीडशे रुपयांचा लॉज घ्या, पण रस्त्याकडची खोली नको.

सकाळी मिसळ खाल्ली. इथे सोबत पावाऐवजी स्लाइस ब्रेड देतात आणि कट मागाल तितका वाढतात. मुलाखतीच्या दिवशी मागू नये. मग वडापने, म्हणजे कोंबून माणसं भरणाऱ्या रिक्षाने, कसबा बावड्याच्या पुढे कॉलेजवर पोचले.

उमेदवार आम्ही सहा. प्रत्येकाने पंधरा मिनिटं शिकवून दाखवायचं होतं. पण मुलं सुट्टीवर. निवड समितीतले एक सर म्हणाले, "तुम्हीच एकमेकांचा वर्ग व्हा." मग काय, पाच प्रतिस्पर्धी बाकांवर आणि मी फळ्यापाशी. विषय होता वाकणारी तुळई. सगळे गप्प. फक्त शेवटच्या बाकावरचे पाटील म्हणाले, "मॅडम, मधला थर ताणला जात न्हाय, हे काय डोस्क्यात शिरंना. परत सांगा की."

राग आला. पण सूत्र सोडून खोडरबर काढला, त्यावर पेनाने उभ्या रेघा मारल्या आणि वाकवून दाखवला. एका कडेला रेघा दूर गेल्या, दुसऱ्या कडेला जवळ आल्या, मधे अंतर तेवढंच राहिलं. समितीतले सर पुढे वाकून बघू लागले.

नंतर गेटबाहेर चहा घेताना मी पाटलांना विचारलं, "खरंच समजलं नव्हतं?"

"तीन वर्सं हितं त्येच शिकवतोय की मी, तासाच्या पैशावर, कायम न्हाय. पोरं तिथंच अडकत्यात."

"जागा एकच आहे."

"व्हय की. म्हणून वर्गात गप बसायचं?"

चहाचे पैसे त्यांनी मला देऊ दिले नाहीत. आम्ही नंबर घेतले आणि मी दुपारची मिरज गाडी धरली.

चार दिवसांनी घरी कॉलेजचा फोन आला. नेमणूक माझी. मी वाक्य पुरं होण्याआधीच होकार दिला. आईने शेजारी साखर वाटली. संध्याकाळी पाटलांचा फोन आला.

"अभिनंदन, मॅडम. माजे तास तुमच्याकडं आल्यात. कबनूरची दोन पोरं हायत, रातपाळीला माग चालवून येत्यात. पयल्या तासाला डुलक्या घेत्यात. वरडू नगासा."

"आणि तुमचं काय?"

"बघू की."

फोन ठेवल्यावर मी रडले. होकार मात्र मागे घेतला नाही.